पोरीच्या खुराकासाठी कर्ज

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

 

आज विषय जरा वेगळा आहे. खेळाचा आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठला आला खेळ? सकाळी पाण्यापासून रात्री भांड्यांपर्यंत आमचीच शर्यत चालू असते. पण हा विषय आमच्या गटाच्या बैठकीत आला, तोही कर्जाच्या अर्जातून. म्हणून तुमच्यापुढं मांडते.

झालं असं. आमच्या गटातल्या एका ताईंनी सहा हजारांचं कर्ज मागितलं. कारण लिहिलं होतं, "मुलीच्या खुराकासाठी". त्यांची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पाचला उठून रस्त्यावर पळते. पोर गुणाची आहे. आम्ही विचारलं, "ताई, खुराकाला सहा हजार कसे?" तेव्हा त्यांनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली. एका पावडरच्या डब्याचं नाव, खाली एका गोळीचं आणि एका इंजेक्शनचं. मुलीबरोबर सराव करणाऱ्या एका मुलानं ती लिहून दिली होती. म्हणाला, महिनाभर घे, आठशे मीटरला वीस सेकंद कमी लागतील.

सगळ्या गप्प झाल्या. मग एक जण म्हणाली, "दम वाढतो तर द्या की कर्ज. फेडायला ताई पक्क्या आहेत." दुसरी म्हणाली, "अगं, ही दवा कशाची, ते तरी विचारा." शेवटी अध्यक्षबाईंनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. पुढच्या बैठकीपर्यंत माहिती काढून आणायची, असं ठरलं. मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना चिठ्ठी दाखवली. त्यांनी गोळीच्या नावाखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "हे स्टिरॉइड आहे. पोरीला देऊ नका." त्यानंतर मी वाचत गेले, विचारत गेले. जे कळलं ते आज सांगते.

डोपिंग म्हणजे माप मारणं

खेळात बंदी असलेलं औषध घेऊन ताकद किंवा दम वाढवायचा, याला डोपिंग म्हणतात. मराठी पेपरात "उत्तेजक द्रव्यसेवन" असं लिहितात. शब्द अवघड आहे, पण गोष्ट आपल्याला नवी नाही.

आपल्या वसमतच्या बाजारात हळद जाते. एक बाई हळद नीट शिजवते, उन्हात खडखडीत वाळवते, पॉलिश करून आणते. वाळली की वजन घटतं, हे तिला माहीत असतं. दुसरा कोणी ओल ठेवून किंवा रंग चढवून माल आणतो. काट्यावर त्याचं वजन जास्त भरतं, रंग जास्त उठून दिसतो. पहिल्या बाईनं काय चूक केली? काहीच नाही. तरी पैसे तिला कमी मिळाले. नुकसान नुसतं घेणाऱ्याचं होत नाही. नुकसान खरं वागणारीचं होतं, आणि पुढच्या वर्षी तिलाही वाटतं, आपणही थोडी ओल ठेवावी. असा अख्खा बाजार बिघडतो.

मैदानाचं तसंच आहे. शर्यतीत सगळे सारखे नसतात. कुणाचे पाय लांब, कुणाच्या घरी दूधदुभतं, कुणाला चांगले बूट. तो फरक असतोच. पण सगळ्यांनी एकच नियम पाळायचा, एवढा एक करार असतो. औषध घेणारा तो करार मोडतो.

हा करार सांभाळायला जगाची एक संस्था आहे. तिच्या इंग्रजी नावाची अक्षरं जोडली की होतं "वाडा". पाटलाचा वाडा नव्हे बरं का. १९९९ साली ती स्थापन झाली आणि तिचं मुख्य कार्यालय कॅनडात आहे. भारताची संस्था २००५ साली झाली, तिचं नाव "नाडा". हसू नका, परकराचा नाडा नाही. पण काम तेच, सैल झालेलं आवळून धरायचं. २०२२ साली आपल्या संसदेनं डोपिंगविरोधी कायदाही केला.

महाराष्ट्र केसरीची गोष्ट

कुस्ती आपल्याकडं घराघरात कळते. जत्रा म्हटली की दंगल आलीच. म्हणून आधी एका पैलवानाची गोष्ट सांगते. नरसिंग यादव. मुंबईत दूध विकणाऱ्या माणसाचा मुलगा. २०११, २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षं त्यानं महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. महाराष्ट्र पोलिसांत त्याला उपअधीक्षकाची नोकरी मिळाली. २०१५ साली जागतिक स्पर्धेत ७४ किलो वजनगटात त्यानं कांस्यपदक जिंकलं आणि त्यामुळं पुढच्या वर्षीच्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताला त्या गटात जागा मिळाली.

त्याच गटात सुशील कुमार हा दोन ऑलिंपिक पदकं जिंकलेला मोठा पैलवान होता. तो म्हणाला, आमच्या दोघांची कुस्ती लावा, जिंकेल तो जाईल. वाद दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला. जून २०१६ मध्ये न्यायालयानं सुशीलची मागणी फेटाळली. नरसिंगचं जाणं पक्कं झालं.

त्याच महिन्यात, २५ जूनला, हरियाणातल्या सोनिपतच्या सराव केंद्रात त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात मेथॅन्डिएनोन नावाचं स्टिरॉइड सापडलं. जुलैत पुन्हा नमुना घेतला, त्यातही सापडलं. नरसिंग म्हणाला, मी काही घेतलेलं नाही, माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं. त्यानं पोलिसांत तक्रार दिली. १ ऑगस्टला नाडाच्या समितीनं त्याचं म्हणणं मान्य केलं आणि त्याला मोकळं केलं. तो रिओला गेला.

पण वाडानं त्या निकालाविरुद्ध अपील केलं. खेळांचं एक आंतरराष्ट्रीय लवाद न्यायालय आहे. ऑलिंपिकच्या काळात ते स्पर्धेच्या गावातच बसतं. १८ ऑगस्टला त्या न्यायालयानं निकाल दिला. दुसऱ्या दिवशी नरसिंगची कुस्ती होती. निकाल होता, चार वर्षं बंदी. न्यायालयानं म्हटलं की कुणी मिसळल्याचा ठोस पुरावा समोर आलेला नाही. आणि पहिल्या नमुन्यात औषधाचं प्रमाण एवढं आहे, की ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीपेक्षा गोळीतून गेलेलं असण्याची शक्यता जास्त.

त्याच्या मनात काय होतं, त्याच्या ताटात काय पडलं, यावर मी बोलणार नाही. मला तुम्हाला त्यामागचा नियम सांगायचा आहे, कारण तो आपल्या मुलींनाही लागू आहे.

नियम कडक का आहे

नियम असा आहे: तुझ्या शरीरात जे सापडेल, त्याची जबाबदारी तुझी. कोणी दिलं, का दिलं, माहीत होतं की नव्हतं, हे नंतर. आधी जबाबदारी तुझी. शिक्षा कमी करून हवी असेल, तर ते औषध अंगात कसं आलं, हे खेळाडूनंच दाखवायचं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे अन्यायाचं वाटलं. चोरी झाली, हे पोलिसांनी शाबीत करायचं असतं ना? मग इथं उलटं कसं? पण विचार केला तेव्हा दुसरी बाजू दिसली. समजा नियम असा केला की खेळाडूनं जाणूनबुजून घेतलं, हे तपासणाऱ्यानं शाबीत करायचं. मग पकडला गेलेला प्रत्येक जण म्हणेल, "मला माहीत नव्हतं, कुणीतरी मिसळलं." माणसाच्या मनातलं कोण शाबीत करणार? एकही जण सापडणार नाही आणि खरी कष्ट करणारी पोर दरवेळी मागं राहील. तिला न्याय मिळावा म्हणून नियम कडक केला.

पण कडक नियमाची किंमत असते. एखादी निर्दोष पोर त्यात भरडली जाऊ शकते. तिला माहीत नसतानाही दिलं गेलं असेल, तरी निदान त्या स्पर्धेतलं तिचं यश जातं. हे खरं आहे आणि ते लपवून उपयोग नाही. म्हणून तर आईबापानं आधीच डोळे उघडे ठेवायचे. नंतर "पोरीला कळलं नाही हो" म्हणून फार काही वाचत नाही.

सरांनी दिलं म्हणून

आता दुसरी गोष्ट, ही पोरींची. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. चार जणींनी मिळून चारशे चारशे मीटर पळायची रिले शर्यत आपल्या मुलींनी जिंकली. सुवर्णपदक. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझू इथल्या आशियाई स्पर्धेतही त्या शर्यतीचं सुवर्ण भारताला मिळालं. सगळा देश नाचला.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, चारशे मीटरच्या सहा महिला धावपटू उत्तेजक चाचणीत सापडल्या. दिल्लीत जिंकलेल्या चौघींपैकी तिघी त्यात होत्या. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही मुद्दाम काही घेतलं नाही. प्रशिक्षकांनी जिनसेंग नावाच्या मुळीच्या गोळ्या ताकदीसाठी दिल्या होत्या, त्यातच भेसळ निघाली. प्रशिक्षक युक्रेनचे युरी ओगोरोदनिक. त्यांना कामावरून काढलं गेलं. मुलींना आधी एक वर्षाची बंदी झाली. पुढं २०१२ साली लवाद न्यायालयानं ती दोन वर्षांची केली. त्या वर्षीचं लंडन ऑलिंपिक हुकलं. आधीची पदकं राहिली, कारण नमुने २०११ चे होते. पण नावाला डाग लागला तो लागला.

इथं आपण थांबून विचार करू. त्या मुली काही गावातल्या अडाणी पोरी नव्हत्या. देशाच्या शिबिरात राहत होत्या, सरकारी देखरेखीत. तरी "सरांनी दिलं" यावर भरवसा ठेवला आणि फसल्या. मग आपल्या गल्लीतल्या व्यायामशाळेत कुणीतरी दिलेल्या बिनलेबलच्या डब्यावर आपण किती भरवसा ठेवायचा?

निळी गोळी

तिसरी गोष्ट परदेशातली आहे. ती ऐकताना आई म्हणून माझ्या पोटात गोळा आला.

जर्मनी देश तेव्हा दोन तुकड्यांत होता. पूर्व जर्मनीच्या सरकारनं ठरवलं, काहीही करून पदकं जिंकायची. १९७० आणि १९८० च्या काळात त्यांनी हजारो खेळाडूंना पद्धतशीर स्टिरॉइड दिलं. त्यात कोवळ्या मुली होत्या, कुणी पोहणाऱ्या, कुणी धावणाऱ्या. छोटी निळी गोळी असायची. मुलींना सांगितलं जाई, हे जीवनसत्त्व आहे, घ्या. आईबापांना काहीच सांगितलं जात नसे.

पदकांचा ढीग लागला. पण मुलींचे आवाज घोगरे झाले. अंगावर, तोंडावर केस आले. पाळी बिघडली. पुढं कुणाचं यकृत बिघडलं, कुणाला मूल होण्यात अडचणी आल्या. हायडी क्रीगर नावाची एक मुलगी गोळाफेक करायची. सोळाव्या वर्षापासून तिला त्या गोळ्या दिल्या गेल्या. १९८६ साली ती युरोपची विजेती झाली. अंगात झालेले बदल एवढे होते की मनाची पार ओढाताण झाली. पुढं १९९७ मध्ये शस्त्रक्रिया करून आंद्रेयास या नावानं पुरुष म्हणून जगायला तिनं सुरुवात केली. आंद्रेयासचं दुःख हे, की हे सगळं त्याला न विचारता, न सांगता केलं गेलं.

२००० साली बर्लिनच्या न्यायालयानं त्या वेळचे खेळखात्याचे प्रमुख मान्फ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मान्फ्रेड ह्योपनर यांना दोषी ठरवलं. शरीराला इजा पोचवण्यात हातभार लावला, हा गुन्हा. पण पोरींचं शरीर कोणतं न्यायालय परत देणार?

आता ध्यानात घ्या, आपल्या चिठ्ठीतली गोळी त्याच जातीची होती.

ही औषधं शरीरात काय करतात

डॉक्टरबाईंनी मला सोप्या भाषेत सांगितलं, तेच सांगते.

स्टिरॉइड, म्हणजे इथं ज्याविषयी बोलतोय ती, पुरुषाच्या शरीरातल्या रसासारखी असतात. स्नायू लवकर वाढतात, थकवा लवकर भरून येतो. पण बाईच्या अंगात हा रस बाहेरून ओतला की पाळी बंद पडते किंवा अनियमित होते, आवाज जाड होतो, तोंडावर पुरळ आणि केस येतात, डोक्याचे केस गळतात. यकृतावर, हृदयावर ताण येतो. स्वभाव चिडका होतो. आवाजासारखे काही बदल औषध थांबवलं तरी मागं फिरत नाहीत. दमा, सांधेदुखी यांसाठी डॉक्टर जे स्टिरॉइड देतात ते वेगळ्या जातीचं. ते डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, हेही सांगून ठेवते.

दुसरी जात रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनांची. किडनीच्या रोग्यांना ती देतात. धडधाकट माणसानं दम वाढवायला घेतली तर रक्त घट्ट होतं आणि गाठ होऊन जीव जाऊ शकतो.

तिसरी जात लघवी जास्त करणाऱ्या गोळ्यांची. रक्तदाब, हृदय यांच्या रोग्यांना त्या लागतात. कुस्तीवाले वजन उतरवायला घेतात. अंगातलं पाणी आणि क्षार जातात, चक्कर येते, हृदयाचा ठोका चुकतो. या गोळ्या खेळात बंदीच्या यादीत आहेत.

चौथी जात मेंदूला चेतवणाऱ्या औषधांची. थकवा कळत नाही. पण थकवा ही शरीराची हाक असते. ती ऐकू आली नाही, तर उन्हात पळता पळता माणूस कोसळतो.

चाचणी कशी होते

आपल्या मुली तालुका, जिल्हा, राज्य असं खेळत वर गेल्या, तर कधी ना कधी ही चाचणी होईल. घाबरू नये म्हणून माहिती असावी.

अधिकारी येतात, ओळखपत्र दाखवतात. लघवीचा नमुना द्यायचा असतो. मुलगी असेल तर सोबत बाईच असते आणि ती समोर उभी राहते. लाजायचं कारण नाही, अदलाबदल होऊ नये म्हणून तसं करतात. नमुना दोन बाटल्यांत भरतात, "अ" आणि "ब". खेळाडूच्या समोर बाटल्या बंद करतात. त्यावर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. "अ" बाटलीत काही सापडलं तर खेळाडू "ब" बाटली आपल्यासमोर उघडून तपासायला सांगू शकते. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर तिला सोबत मोठं माणूस ठेवता येतं. कुठलं औषध घेत असेल तर ते फॉर्मवर लिहायचं. आजारासाठी बंदीतलं औषध लागतच असेल, तर डॉक्टरांच्या कागदांसह आधी परवानगी मागता येते. नमुना द्यायला नकार देणं किंवा पळून जाणं हाही गुन्हाच धरतात.

पळून जाणं म्हटलं की आठवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य मैदानी स्पर्धेत नाडाचे लोक आल्याचं कळताच खेळाडू गायब झाले. शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उरला. एकट्यानं पळायचं आणि एकट्यानं जिंकायचं. हसू येतं, पण रडायची गोष्ट आहे. २०२२ साली भारतात ३,८६५ नमुने तपासले, त्यातले १२५ दोषी निघाले. म्हणजे शंभरात तीनपेक्षा जास्त. दोन हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यांत वरचं होतं. पदकांच्या यादीत वर नाव यावं, तिथं आपलं नाव या यादीत वर आलं.

चोरलेलं पदक उशिरा परत मिळतं तेव्हा

२०१८ साली जकार्ताला आशियाई स्पर्धा झाल्या. चारशे मीटर अडथळा शर्यतीत केरळची अनु राघवन चौथी आली. चौथीला काय मिळतं? काही नाही. ना मंच, ना झेंडा. त्या शर्यतीत बहारीन देशाची केमी अडेकोया पहिली आली होती. नंतर ती उत्तेजक चाचणीत दोषी ठरली, तिचे निकाल रद्द झाले. २०२० साली अनु राघवनला कांस्य मिळालं. ज्या मिश्र रिलेत बहारीनचा संघ पहिला आणि भारत दुसरा होता, तिथंही भारताला सुवर्ण मिळालं.

न्याय झाला म्हणायचा. पण दोन वर्षांनी. मंचावर उभं राहण्याचा तो क्षण गेला, लोकांच्या टाळ्या गेल्या. डोपिंगमध्ये चोरी कुणाची होते, हे यावरून कळतं. चोरी त्या चौथ्या आलेल्या पोरीची होते, जिचं नावही आपल्याला माहीत नसतं.

"दुसऱ्यांच्या पोरी घेतात, त्याचं काय?"

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. ताई रागावल्या. म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पण दुसऱ्यांच्या पोरी घेतात आणि पुढं जातात. माझी पोर खरी राहून मागं राहील. तिच्या लग्नाचा विषय मी दोन वर्षं थांबवून धरलाय. ही भरती गेली तर घरातले ऐकतील का?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाला गोड उत्तर नाही. खरं वागलं म्हणजे जिंकणारच, असं मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. मागं राहू शकते. पण गोळी घेतली म्हणजे पुढं जाणारच, हेही खोटंच. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते, आणि त्यानंतर लेखी परीक्षा. गोळी लेखी परीक्षेचा पेपर सोडवत नाही. भरतीच्या मैदानावर औषधं, सुया सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. पकडलं गेलं तर नोकरी तर जातेच, वर पोलिसांत जायला निघालेली पोर पोलिसांच्याच तपासात अडकायची. आणि शरीर बिघडलं तर ज्या लग्नाची घरच्यांना घाई आहे, तिथंही तिलाच बोल लागणार.

तेव्हा मुलगी स्वतः बोलली. इतका वेळ दाराशी उभी होती. म्हणाली, "मावशी, मला शेवटच्या दोनशे मीटरला चक्कर येते. म्हणून मी विचारलं होतं त्याला." कुणीच आधी तिला विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊ. दम कुठून राहील? तिला गरज होती ती लोहाच्या गोळ्यांची आणि पोटभर अन्नाची.

आपण काय करायचं

मुलगी पळत असो, कुस्ती खेळत असो, कबड्डी खेळत असो, एवढं ध्यानात ठेवा.

एक. आधी रक्त तपासा. आपल्या भागात पोरीबाळींना रक्ताची कमतरता फार. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लोहाच्या गोळ्या खेळात चालतात, त्यावर बंदी नाही.

दोन. खुराक घरातच आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, हरभऱ्यात वीसच्या आसपास, एका अंड्यात सहा. सोयाबीन तर आपण पोत्यानं पिकवतो आणि पोत्यानं विकतो. त्यात इतर डाळींपेक्षा प्रथिनं जास्त. मात्र सोयाबीन कच्चं खाऊ नये, भिजवून नीट शिजवावं किंवा भाजून दळावं. भाकरी, डाळ, ताक, गूळ-शेंगदाणे आणि पुरेशी झोप. आणि पोरीच्या ताटात शेवटी उरलेलं वाढू नका. भावाला अंडं आणि पळणाऱ्या बहिणीला रस्सा, हाही एक अन्यायच आहे, बायांनो. मैदानातला न्याय मागताना चुलीजवळचा विसरू नका.

तीन. डबा, पुडी, सुई काहीही कुणी दिलं तर विचारा: यात काय आहे? कुणी लिहून दिलं? बिल मिळेल का? दुकानदार डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड विकत असेल, तर तो कायदा मोडतोय. ज्या डब्यावर घटकांची नावं नाहीत, तो घरात घेऊ नका. नावं असली तरी आत दुसरं काही नसेलच, अशी खात्री नसते.

चार. स्पर्धा खेळणाऱ्या मुलीला सर्दी-खोकल्याचं साधं औषध देतानाही डॉक्टरांना सांगा, की ही खेळाडू आहे. सर्दीच्या काही औषधांतले घटक स्पर्धेच्या वेळी बंदीत येतात. नाडाचं "नो युवर मेडिसिन" हे मोबाइलवर चालणारं ॲप आहे. त्यात औषधाचं नाव टाकलं की चालेल की नाही, ते कळतं. घरातली शिकलेली पोरं दोन मिनिटांत बघून देतील.

पाच. मुलगी एकदम चिडकी झाली, आवाज बदलला, पाळी थांबली, तर ओरडू नका. जवळ बसवून विचारा. बऱ्याचदा पोरी भीतीनं सांगत नाहीत.

माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर तुम्ही ऐकली असेल. दुष्काळी भाग, शेतकऱ्याचं घर. तीन हजार मीटर अडथळा शर्यतीत ती २०१६ साली ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी भारतीय बाई धावण्याच्या अंतिम फेरीत पोचली होती. पदक मिळालं नाही. पण त्या दहाव्या क्रमांकाचं मोल मोही गावाला विचारा.

आमच्या गटानं शेवटी काय केलं, ते सांगून थांबते. सहा हजारांचा अर्ज ताईंनी मागं घेतला. नवा अर्ज दिला तीन हजारांचा: पळायचे बूट, अंडी-शेंगदाणे, आणि लेखी परीक्षेची पुस्तकं. आम्ही तो मंजूर केला. रजिस्टरमध्ये कारण तेच लिहिलं, "मुलीच्या खुराकासाठी".

भरतीची तारीख अजून लागलेली नाही. पोर रोज पहाटे पळते. चक्कर कमी झाली म्हणते. वेळ किती लागतो, ते मी विचारलं नाही.

बरं तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात हा विषय काढा, आणि पळणाऱ्या पोरींनाही बैठकीत बसवा, दाराशी उभं ठेवू नका. रामराम.